कापसाला भाव म्हणजे बाजारात तेजी?

‘कापूस दहा हजारांवर गेला की तालुक्याची बाजारपेठ फुलते,’ असं विदर्भात वर्षानुवर्षं बोललं जातं. पांढरकवडा, वणी, हिंगणघाटकडच्या दुकानदारांचा हिशेब मात्र वेगळा निघतो.

2021-22 च्या हंगामात कापसाने क्विंटलमागे दहा हजारांचा टप्पा ओलांडला. पण पावसाने अनेकांच्या पराटीचं (कपाशीच्या झाडांचं) नुकसान झालं होतं, आणि भाव वाढायला मुळात कमी आवकही कारण होती. बरेच लहान शेतकरी तर चढा भाव येण्याआधीच खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, माल देऊन मोकळे झाले होते. साधं गणित आहे: आठ हजारांनी दहा क्विंटलचे 80 हजार होतात, दहा हजारांनी पाच क्विंटलचे फक्त 50 हजार.

त्यातही पैसा आधी कुठं जातो ते पाहा. कृषी केंद्राची बी-खताची उधारी, 31 मार्चच्या आत भरायचं पीककर्ज, सावकार. कापडवाला, भांडीवाला सगळ्यात शेवटी. म्हणून आपल्या गावचा कापडवाला भाव विचारत नाही, एकरी किती निघाला ते विचारतो. माझ्या मते तोच खरा जाणकार.

आणि वेचणीची मजुरी किलोवर असते. कापूस भरपूर असला की बायांच्या हाती आठवड्याला रोख येते, आणि आठवडी बाजारात तेल, डाळ, लेकरांचे कपडे खपतात. हमीभाव महत्त्वाचा आहेच. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाला तो क्विंटलमागे 8,110 रुपये ठरला. पण कोरडवाहू शेतात उत्पादन पडलं, तर त्या आकड्याने दुकानाचा गल्ला भरत नाही.