बोअरचे खारे पाणी आणि समुद्री टाकी: पार्श्वभूमी

पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, बोअरचे पाणी मुळातच खारट. त्यामुळे काचेच्या टाकीत समुद्री झिंगे, शंख, शंखातले खेकडे पाळायचे ठरले की हमखास सुचते, पाणी खारट आहेच, कमी पडेल तेवढे मीठ टाकू. वाद इथूनच सुरू होतो.

हा छंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये रुजला. कृत्रिम समुद्री पाण्याच्या हिशेबाला पक्का आधार मिळाला तो 1884 मध्ये. 1872 ते 1876 दरम्यान जगभर फिरलेल्या एका जहाजाने आणलेले 77 नमुने तपासले गेले आणि खुल्या समुद्रात मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळपास कायम असते हे दिसले. किलोभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार, त्यात मॅग्नेशियम सुमारे 1290 मिलिग्रॅम, कॅल्शियम 410, पोटॅशियम 400.

आपल्या बोअरला हे प्रमाण लागू नाही. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात सोडियम भरपूर, पोटॅशियम बहुतेक ठिकाणी फारच कमी. मीठ वाढवून हायड्रोमीटर 1.025 वर आणता येतो, पण तो फक्त घनता सांगतो. कोणता क्षार किती, हे त्यात कळत नाही. प्रमाण बिघडलेले असले की झिंगा कात टाकायला लागतो, पाठीवरचे कवच फाटते, पाय मात्र जुन्या कवचातच अडकतात आणि सकाळी तो आडवा पडलेला सापडतो.

यावर हरियाणाचा दाखला दिला जातो. तिथे खाऱ्या बोअरवर वन्नामेई झिंग्याची शेती चालते, हे खरे. पण वन्नामेई हजार भाग पाण्यात अर्ध्यापासून 45 भागांपर्यंत क्षार सोसतो, आणि तिथेही तळ्यात म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचे खत, टाकावेच लागते. म्हणजे हा दाखला उलट्याच बाजूने बोलतो.

तांब्याचे दुखणे वेगळे. माशांच्या खरजेसारख्या रोगावर लिटरला 0.15 ते 0.2 मिलिग्रॅम तांबे देतात; मासा तगतो, शंख-झिंगे मरतात. पितळी जोड आणि जुने नळ म्हणूनच तपासायला हवेत. कठीण प्रवाळ आणि समुद्रकाकडी 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांचा विचारच नको.

बोअर बाद झाला की गोड्या पाण्यासाठी उरतो आरओ. गावातल्या कॅनचे पाणी पिण्यासाठी असते, त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्याजवळ नसतो. घरच्या आरओत लिटरभर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाहून जाते, आणि टँकरच्या गावात ते पटण्यासारखे नाही. पहिल्या दोन-तीन सरी सोडून स्लॅबवरचे पावसाचे पाणी साठवावे आणि त्यात समुद्री टाकीसाठी मिळणारे तयार क्षारमिश्रण (खायचे मीठ नव्हे) मिसळावे, हेच इथे सर्वांत रास्त. पत्र्यावरचे मात्र घेऊ नये. त्यातले जस्तही या जिवांना विषच.