गोठा बांधण्याआधी शेणाची वाट ठरवा

आमच्याकडे गोठा बांधून घ्यायची चौकशी करायला आलेले बहुतेक जण आधी पत्र्याचं विचारतात. आम्ही उलट विचारतो: शेण-मूत जाणार कुठे? एक संकरित गाय दिवसाला २० ते २५ किलो शेण टाकते. पाच गाई म्हणजे रोजचं क्विंटलभर, आणि ते पावसाळ्यातही थांबत नाही.

मुक्तसंचार गोठ्याला, म्हणजे गाई न बांधता मोकळ्या ठेवायच्या गोठ्याला, गाईमागे छपराखाली साधारण ४० चौरस फूट आणि मोकळ्यात ८० चौरस फूट जागा धरा. छपराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, पाणी चोवीस तास समोर हवं. हे जमतंच. चुकतं ते तळाशी.

कोबा गुळगुळीत करू नका, त्यावर खाचा मारून घ्या. गाभण गाय पाय फाकून पडली की खाली रबरी मॅट न अंथरून वाचवलेले पैसे डॉक्टरकडे जातात. उतार ४० फुटांना १ फूट पुरे. जागा चांगली की वाईट हे कळायला आमची जुनी युक्ती आहे: गाय बसते तिथे स्वतः गुडघे टेकून दहा सेकंद बसा. गुडघा ओला झाला तर तीच ओल तिच्या कासेला लागते. धार काढल्यावर सडाचं तोंड जवळपास अर्धा तास उघडं राहतं आणि दगडीचे, म्हणजे कासेच्या सुजेचे, जंतू नेमके याच वेळात शिरतात. म्हणून धार झाली की गव्हाणीत ताजी कुट्टी टाका, गाय उभी राहील.

मोकळ्या आवारात मुरूम भरा. चार-पाच गावरान कोंबड्या सोडा. त्या वाळलेलं शेण उकरतात, अळ्या आणि गोचीड टिपतात. मात्र गगनबावड्यासारखा पाऊस असेल, तर मोकळं आवार आम्ही सुचवत नाही. तिथे चिखलच होतो, मग खुरं सडतात. अशा गावी छपराखालची जागा वाढवावी, काम आमच्याकडून करून घ्या नाहीतर दुसऱ्याकडून.

बायोगॅसचं गणित सोपं आहे. दोन घनमीटरच्या दीनबंधू संयंत्राला (जमिनीत बांधलेल्या पक्क्या घुमटाचा बायोगॅस) रोज ५० किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं. चार-पाच माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे गॅस निघून गेलेला पातळ शेणकाला, पाटाच्या पाण्यातून थेट उसाला किंवा घासाला देता येते. पण फिनेलने धुतलेलं पाणी संयंत्रात जाऊ देऊ नका, आतले जिवाणू मरतात. ‘गॅस बंद पडला’ म्हणून फोन आला की आम्ही आधी फिनेलच्या बाटलीचीच चौकशी करतो. नळी धरून सगळा गोठा धुणाऱ्यांचंही तेच होतं: शेण पातळ, गॅस कमी. आधी खोऱ्याने ओढा, मग उरलेलं धुवा.

स्लरीची टाकी विहिरीपासून किमान ५० फूट लांब घ्या.

आमच्याकडे येताना जनावरांची संख्या, विहीर कुठे आहे ते, आणि जोराच्या पावसानंतर जागेचा काढलेला एक फोटो एवढं आणा. पाणी कुठे साचतं ते त्या फोटोत दिसलं की आराखडा तिथूनच सुरू करू.