साइड रिदम वादक (नाशिक)

ऑर्केस्ट्रात मुख्य ठेका तबला, ढोलकी किंवा ड्रमसेट धरतो. त्याभोवती कोंगो, बोंगो (दोन्ही हाताने वाजवायची तालवाद्ये), खंजिरी, शेकर, घुंगरू, ट्रँगल असे नाद भरणारा तो साइड रिदम वादक. हिंदी चित्रपटसंगीतात या कामाला मान मिळाला तो अमृतराव काटकरांसारख्या वादकांमुळे; त्यांचे रेसो-रेसो (खाचांवर काडी घासून वाजवायचे वाद्य) आजही कान ओळखतो. नाशिकमध्ये महाकवी कालिदास कलामंदिरातले तिकिटाचे प्रयोग, लॉन्सवरचे संगीत-हळदीचे कार्यक्रम आणि गणपती-नवरात्रातली मंडळे ही त्याची मुख्य कामे.

मांडणी साधी असते : डावीकडे कोंगोची जोडी, समोर ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), उजवीकडे छोट्या वाद्यांचे टेबल. टेबलावर जाड टॉवेल हवाच, नाहीतर ठेवलेली खंजिरी माइकमध्ये खणखणते. कोंगोची पाने (तोंडावर ताणलेली कातडी) साधारण ११ ते १२.५ इंचांची. सूर चढवताना समोरासमोरचे नट पाव-पाव फेरा फिरवायचे. एकाच बाजूने आवळले की रिंग तिरकी होते आणि पान कडेला फाटते. हिवाळ्यात उघड्या लॉनवर खरी अडचण दवाची. पाचला साउंड चेकमध्ये सुरात लागलेली ढोलकी आठला उतरलेली असते. हॅलोजनजवळ धरून ती चढते खरी, पण फार जवळ नेली तर शाईला (पानावरच्या काळ्या लेपाला) तडे जातात. म्हणून जाणते वादक कापडी खोळ आणि दुसरी ढोलकी जवळ ठेवतात. कार्यक्रम संपल्यावर कोंगोचे नट सैल करायला मात्र निम्मे लोक विसरतात.

ऑक्टापॅडला आठ पॅड असतात. पहिला १९८५ साली आला. पॅडखालचा सेन्सर कंपन पकडतो, त्यामुळे स्टँड कोंगोला टेकला किंवा स्टेजची फळी हलली की न मारताच आवाज उठतो. स्टँड वेगळा, पायांखाली रबर, आणि थ्रेशोल्ड (किती जोराच्या ठोक्यापासून आवाज उठावा ती मर्यादा) थोडा वर घेतला की काम भागते. थ्रेशोल्ड फार वर नेला तर हलके ठोके गायब होतात.

शिक्षण बहुधा भजनी मंडळात किंवा ढोल पथकात सुरू होते. काही जण गांधर्व महाविद्यालयाची तबला विशारद करतात. परीक्षा हात घडवते, पण कुठे वाजवायचे नाही हे ती शिकवत नाही. अंतऱ्यात शेकर थांबवून गायकाला मोकळे सोडणे हीच या वादकाची परीक्षा.

कमाई हंगामी. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, चातुर्मासात गणपती-नवरात्र वगळता मंदी. त्या काळात क्लास आणि पथकांची तालीम. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद (काही ठरावीक दिवशी १२ पर्यंत सवलत), त्यामुळे उशिरा सुरू झालेल्या कार्यक्रमात शेवटची मेडले (सलग जोडलेली गाणी) कापली जाते. मानधन आधी ठरवलेले नसेल तर तेही.

छंदही या वेळापत्रकात बसणारे लागतात. पावसाळ्यात अंजनेरी, ब्रह्मगिरीची चढाई जमते. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी पाहण्याचा हंगाम नेमका लग्नसराईत येतो, म्हणून मधल्या वारी पहाटे जावे लागते. झांजेशेजारी वर्षे काढलेल्यांचे कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास मंदावतात आणि पक्ष्यांची बारीक शीळ हरवते. इअरप्लग तालमीतही लावावेत. लेदर बॉलचे क्रिकेट हंगामात टाळलेले बरे. सुजलेल्या बोटाने कोंगोचा स्लॅप (तीक्ष्ण थाप) नीट फुटत नाही आणि बदली वादक ऐनवेळी मिळत नाही.