ले बो: बॉक्साइटला नाव देणारं गाव

जांभ्याचं घर दिसलं की 'हा थंड झालेला लाव्हा' असं सांगणारा एक तरी भेटतोच. कोकणातला जांभा लाव्हा नव्हे. लाव्हाच्या काळ्या दगडातलं बाकीचं सगळं लाखो वर्षांच्या पावसानं धुऊन नेल्यावर उरलेला तो चोथा आहे. त्याच चोथ्याच्या सख्ख्या भावाचं नाव फ्रान्समधल्या एका खेड्यावरून पडलं.

ले बो दे प्रोव्हाँस. दक्षिण फ्रान्समधल्या आल्पिय टेकड्यांत, उघड्या चुनखडीच्या कड्यावर वसलेलं, चारशेच्या आत वस्तीचं. १८२१ मध्ये प्येर बेर्तिए या खनिजतज्ज्ञानं इथल्या तांबड्या दगडाचं पृथक्करण केलं. त्यात निम्म्याहून जास्त अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड, म्हणजे अ‍ॅल्युमिना निघाला. गावावरून दगड झाला बॉक्साइट.

अ‍ॅल्युमिनियमच मागे का उरतं? पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं. खडकातल्या फेल्डस्पार या खनिजातून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आधी सुटतात. उरते केओलिन ही चिकणमाती. ऊन-पाऊस भरपूर आणि निचरा चांगला असेल, तर तिच्यातली सिलिकाही हळूहळू विरघळून जाते. अ‍ॅल्युमिनियम मात्र पाण्याचा सामू (pH, आम्लतेचं माप) साधारण साडेचार ते आठ असेपर्यंत जवळजवळ विरघळतच नाही. हवेतल्या ऑक्सिजननं गंजलेलं लोहही तसंच हट्टी, म्हणून रंग तांबडा. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी प्रोव्हाँसचा हा भाग समुद्राबाहेर होता आणि हवा उष्ण, दमट होती. खाली त्याहून जुनी चुनखडी. तिच्या भेगांतून पाणी झिरपून जाई, आणि ती आम्लही मारत असे. इथल्या बॉक्साइटचा तुकडा हातात घेतला तर वाटाण्याएवढे गोल दाणे दिसतात, बोटांना तांबडी पूड लागते. राधानगरी-शाहूवाडीकडच्या सड्यांवरचं बॉक्साइट याच धुण्यातून झालं, फक्त खाली चुनखडीऐवजी बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा तोच काळा दगड.

इथले सरदार स्वतःला येशूच्या जन्माचा तारा पाहून आलेल्या बाल्थाझारचे वंशज म्हणवत आणि ढालीवर सोळा किरणांचा तारा मिरवत. त्या वंशावळीला पुरावा काही नाही, आणि ताऱ्यानं किल्लाही राखला नाही: १६३२ मध्ये फ्रान्सच्या राजाचा मंत्री रिशल्यू याच्या हुकमानं किल्ला पाडायला सुरुवात झाली. दगडांची साक्ष मात्र तपासता येते. पडका किल्ला ज्या पांढऱ्या चुनखडीवर उभा आहे, ती बॉक्साइटहून कितीतरी कोटी वर्षांनी धाकटी आहे. समुद्र परत आला तेव्हा साचलेली.