कोरियन ड्रामा स्क्विड गेमच्या आधीपासूनच होता की

सप्टेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर स्क्विड गेम ही कोरियन सिरीयल आली आणि तेव्हापासून बऱ्याच जणांना वाटतं की कोरियन सिरीयल्स नेटफ्लिक्सने जगाला दाखवल्या. खरं तर नेटफ्लिक्स तिथे बरंच उशिरा पोचलं, तोवर प्रेक्षक जमलेले होते आणि त्यात बहुतेक बायका होत्या, ज्यांच्या आवडीला कोणी सिरियसली घेतच नव्हतं.

सुरुवात साधारण १९९७ ची. चीनच्या सरकारी चॅनेलवर एक कोरियन कौटुंबिक सिरीयल लागली आणि तुफान चालली. त्याच वर्षाअखेरीस आशियातलं आर्थिक संकट कोरियावर कोसळलं, आयएमएफकडून (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) कर्ज घ्यायची वेळ आली, आणि आजूबाजूच्या देशांतल्या चॅनेलवाल्यांचेही खिसे रिकामे, मग महागड्या जपानी सिरीयल्सपेक्षा कोरियन स्वस्तात मिळतात म्हणून त्या घेतल्या गेल्या. म्हणजे कला वगैरे नंतर, आधी रेट बघून झालंय हे सगळं.

मग जपान. विंटर सोनाटा २००२ मध्ये कोरियात लागली होती, ती २००३ ला जपानच्या एनएचके या सार्वजनिक चॅनेलने डब करून सॅटेलाइट चॅनेलवर टाकली. चाळिशी-पन्नाशीच्या जपानी बायका त्या हिरोच्या, बे योंग-जूनच्या, अक्षरशः प्रेमात पडल्या. २००४ मध्ये तो नारिता एअरपोर्टवर उतरला तेव्हा हजारोंची गर्दी, शूटिंग झालेल्या कोरियातल्या नामी बेटावर टूर्स, आणि पेपरवाले मात्र या काकूंची मजा घेत बसलेले. पण या काकूंनीच पुढे ओरिजिनल आवाजात बघायचंय म्हणून मागणी केली आणि २००४ च्या शेवटी एनएचकेला न कापलेली, सबटायटल्सवाली आवृत्ती दाखवावी लागली. सबटायटल्स वाचायला लोक कंटाळतात म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडे म्हणाल तर मणिपूर सगळ्यांच्या पुढे. २००० साली तिथल्या एका बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमा आणि चॅनेल्सवर बंदी घातली, ती रिकामी जागा केबलवरच्या कोरियन आरिरांग चॅनेलने आणि म्यानमारच्या सीमेवरच्या मोरेह गावातल्या मार्केटमधून येणाऱ्या पायरेटेड सीडींनी भरली. २००६ मध्ये दूरदर्शननेही कोरियन सिरीयल्स हिंदीत डब करून दाखवल्या होत्या, पण बाकी देशात त्याची फार चर्चा झाली नाही.

इंटरनेटवर तर हे काम फुकटात झालं. एपिसोड कोरियात लागला की जगभरातले फॅन्स मिळून तो तुकड्या-तुकड्यात भाषांतरित करायचे, कोणी टायमिंग लावायचं, कोणी चुका तपासायचं. विकी नावाची साइट (विकिपीडिया नव्हे) याच मॉडेलवर उभी राहिली आणि २०१३ मध्ये जपानच्या राकुतेन या ऑनलाइन कंपनीने ती विकतसुद्धा घेतली. २००९ ला अमेरिकेत सुरू झालेली, कोरियन सिरीयल्स दाखवणारी ड्रामाफीव्हर ही साइट मात्र २०१८ मध्ये एका दिवसात बंद झाली, फॅन्स हळहळले.

आता लोक अडकतात का यात? माझ्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे ती सिरीयल संपते! पूर्वापार साधारण सोळा एपिसोड, आठवड्याला दोन, बहुतेक वेळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच लेखक, आणि या लेखकांमध्येही बायका खूप. वर्षानुवर्षं तेच लग्न आणि तोच सासूचा कट बघितलेल्या माणसाला हे औषधासारखं लागू पडतं. त्यात १९७० च्या दशकापासून तिथल्या मुख्य चॅनेल्सवर कार्यक्रमाच्या मधे जाहिरात दाखवायला बंदी होती, ती थेट २०२१ मध्ये उठली (शेवटी शेवटी एपिसोडचेच तुकडे करून मधे जाहिराती घुसवायचे, ते सोडा). त्यामुळे गोष्ट सलग चालायची. जाहिरातीचे पैसे मग कथेतूनच काढायचे, २०१० पासून सीनमध्ये प्रॉडक्ट दाखवायला परवानगी मिळाली, म्हणून तर हिरो-हिरॉइन ब्रेकअपलासुद्धा सबवे या सँडविच चेनच्या दुकानात सँडविच खात बसतात.

नेटफ्लिक्स कोरियात आणि भारतात एकाच वेळी आलं, जानेवारी २०१६ मध्ये. २०१९ ला किंगडम ही स्वतःची कोरियन सिरीयल काढली. मग २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालेली क्रॅश लँडिंग ऑन यू ही कोरियन सिरीयल फेब्रुवारीत संपली आणि मार्चमध्ये आपल्याकडे लॉकडाऊन लागला, पुढचं सांगायला नको, घरोघरी आई आणि मुलगी एकत्र बघत बसल्या.

स्क्विड गेमची स्क्रिप्ट दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योकने साधारण २००९ मध्येच लिहून ठेवली होती, दहा वर्षं कोणी पैसे लावेना. नेटफ्लिक्सने लावले हे श्रेय त्यांचंच, पण त्या बदल्यात हक्कही त्यांच्याकडेच गेले. २०२३ मध्ये त्यांनी कोरियन कंटेंटवर चार वर्षांत अडीच अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं. परिणाम असा की निर्मितीचा खर्च आणि स्टार्सचे रेट चढले, जुन्या चॅनेल्सना ते झेपेना, त्यांचे ड्रामाचे स्लॉट कमी झाले आणि सोळाच्या जागी आता बारा, कधी आठच एपिसोड येतात.