जेन ऑस्टिनने ती सात पुस्तकं मनाने रचलेली नाहीत

इंग्रज लेखिका जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीच्या सहाव्या प्रकरणात इझाबेला तिच्या मैत्रिणीला, म्हणजे सतरा वर्षांच्या नायिका कॅथरीनला सात भयकादंबऱ्यांची नावं वाचून दाखवते. 'कॅसल ऑफ वुल्फेनबाख', 'क्लेरमाँट', 'मिडनाइट बेल', 'हॉरिड मिस्टरीज' वगैरे. कॅथरीनला एकच काळजी: सगळ्या नक्की भयानक आहेत ना?

ही नावं खिल्ली उडवायला ऑस्टिनने स्वतःच रचली, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. ते खरं नाही. सातही पुस्तकं १७९३ ते १७९८ या काळात लंडनमध्ये छापली गेली होती, बहुतेक मिनर्व्हा प्रेस या अशा कादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध प्रकाशनसंस्थेत. पुढे ती विस्मरणात गेली. ग्रंथ-अभ्यासक मायकेल सॅडलियर यांनी १९२७ मध्ये या पुस्तकांवर स्वतंत्र निबंधच लिहिला.

या गैरसमजातूनच दुसरा जन्मला: ऑस्टिनला अशा कादंबऱ्यांचा तिटकारा होता. मला हे अजिबात पटत नाही. पाचव्या प्रकरणात ऑस्टिन कादंबरी वाचणाऱ्यांची बाजू किती तळमळीने मांडते! चेष्टा आहे ती वाचलेलं जसंच्या तसं खरं मानण्याची. वादळी रात्री कपाटात कॅथरीनला कागदांची गुंडाळी सापडते, मेणबत्ती विझते, ती थरथरत रात्र काढते. सकाळी बघते तर धुलाईची बिलं: शर्ट, मोजे, वेस्टकोट.

आणि ऑस्टिनच्या घरात ही पुस्तकं वाचली जात. २४ ऑक्टोबर १७९८ च्या पत्रात ती बहिणीला कळवते, की बाबा वाचनालयातून आणलेलं 'मिडनाइट बेल' वाचत बसले आहेत.