शून्याच्या काठावरचा नफा

अमेरिकेतल्या हजारो कंपन्यांचा वार्षिक नफा-तोटा एका आलेखावर मांडला, तर तो टेकडीसारखा सलग चढत-उतरत जायला हवा. डेव्हिड बर्गस्टालर आणि इलिया डिचेव्ह या लेखाशास्त्राच्या अभ्यासकांनी १९७६ ते १९९४ या काळातले आकडे असे मांडले, तेव्हा शून्यापाशी खाच सापडली. किरकोळ तोट्यातल्या कंपन्या अपेक्षेपेक्षा फारच कमी आणि किरकोळ नफ्यातल्या फारच जास्त. जेमतेम तोट्यात असलेल्यांपैकी ३० ते ४४ टक्के कंपन्या आकडे वळवून नफ्यात येतात, असा त्यांचा १९९७ सालचा अंदाज होता.

पण आलेखात कोणाचा हेतू दिसत नाही. सिंडी डर्ची आणि पीटर ईस्टन यांनी २००५ मध्ये दाखवलं, की लहान-मोठ्या कंपन्यांची तुलना करता यावी म्हणून नफ्याला शेअरच्या भावाने भागलं किंवा नमुना विशिष्ट रीतीने निवडला, तरीही अशी खाच पडू शकते. म्हणजे दोष कंपनीचा की अभ्यासकाच्या गणिताचा?

त्याच वर्षी जॉन ग्रॅहम, कॅम्पबेल हार्वे आणि शिवराम राजगोपाल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सरळ माणसांनाच विचारलं. ४०१ वित्त-अधिकाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि वीसेक जणांशी सविस्तर बोलले. नफ्याचं उद्दिष्ट गाठण्यासाठी संशोधन, जाहिरात, देखभाल यांवरचा खर्च कापू, असं सुमारे ८० टक्क्यांनी सांगितलं! हिशेबातली गृहीतकं बदलू म्हणणारे त्या मानाने अगदी थोडे. कारणही व्यवहारी आहे. बुडीत कर्जाची तरतूद कमी दाखवली तर ऑडिटर हटकेल, पण न दिलेल्या जाहिरातीबद्दल तो काय बोलणार? शिवाय हिशेबातल्या घोटाळ्यामुळे २००१ मध्ये बुडालेल्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीचं प्रकरण तेव्हा ताजं होतं.

अर्थात, वह्यांशी खेळतो अशी कबुली संशोधकाला देणार तरी कोण? मला तरी ही शंका रास्त वाटते, म्हणून पुन्हा आकड्यांकडे वळावं लागतं. सुगत रॉयचौधुरी यांच्या २००६ सालच्या शोधनिबंधात शून्याच्या जरा वर असलेल्या कंपन्यांचे असे ऐच्छिक खर्च नेहमीपेक्षा कमी आढळले, तर उत्पादनखर्च जास्त. जास्त माल बनवला की कारखान्याचा स्थिर खर्च अधिक नगांवर विभागला जातो. त्यामुळे विकलेल्या मालावरचा खर्च कमी दिसतो आणि उरलेला खर्च गोदामातल्या साठ्याबरोबर ताळेबंदात जाऊन बसतो. हा जादा माल सणासुदीच्या मागणीसाठी होता की वर्षअखेरीच्या आकड्यासाठी, हे मात्र ताळेबंद सांगत नाही. त्यासाठी उत्पादनाचं वेळापत्रक ठरवणाऱ्या माणसासमोरच जाऊन बसावं लागतं.